दुसरी चावी

"खाली चौदा भाडेकरू आहेत. आवाज करत नाहीत, पाणी फार वापरत नाहीत, आणि भिंतीला खिळे तर ठोकतच नाहीत. तुझं कसं आहे?"

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालक काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नाशिकहून ग्वाल्हेरला एका खासगी कॉलेजात शिकवायला आले होते आणि गोरखीच्या मागच्या गल्लीत मराठी घरमालक मिळतोय म्हटल्यावर हरखून गेले होते. चौदा म्हणजे खाली मुलांचं वसतिगृह असेल, अशी मी समजूत करून घेतली. "मीपण शांतच असते," म्हटलं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बघू."

तिसऱ्या दिवशी बर्फ हवा होता म्हणून खाली उतरले. जिन्याखाली दोन फ्रिज होते, त्यातला मी डावीकडचा उघडला. आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पांढरेशुभ्र उंदीर ओळीनं गोठवून ठेवलेले, आणि पिशव्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या: छोटे, मध्यम, मोठे. माझी किंकाळी पार पाटणकर बाजारापर्यंत गेली असणार. काका शांतपणे चष्मा पुसत बाहेर आले.

"तो भाडेकरूंचा फ्रिज आहे, बेटा. तुझा तो उजवीकडचा."

त्याच रात्री सामान बांधायला हवं होतं. आईनं फोनवर तसं सांगितलंही. मी बांधलं नाही. एक खरं, की किंकाळी ऐकून बाहेर आलेला तो माणूस माझ्याशी बोलत होता तो सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता, कारण फ्रिजचं दार अजून उघडं होतं. दार बंद झाल्यावरच तो वळला. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

ही त्यांची सवय बँकेतली. बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, एका बँकेत त्यांनी सारी नोकरी तळघरातल्या लॉकरच्या खोलीत काढली होती. लॉकरला दोन चाव्या लागतात. आधी बँकेचा माणूस आपली चावी फिरवतो, मग ज्याचा लॉकर तो आपली. बँकेच्या माणसानं आपलं काम झालं की तोंड फिरवून निघून जायचं. काकांचं तोंड तीस वर्षं फिरत राहिलं आणि निवृत्तीनंतरही फिरायचं थांबलं नाही. मी पर्स उघडली की काका खिडकीबाहेर बघायचे. डबा उघडला तरी तेच. एकदा समोरच्या भाभीजींनी लेकीच्या लग्नातल्या साड्या दाखवायला पेटी उघडली, तर हे आख्खा वेळ कॅलेंडर वाचत होते. भाभीजी रुसल्या.

ते चौदा भाडेकरू म्हणजे साप, आणि ते त्यांनी हौसेनं पाळले नव्हते. हे ते फार ठासून सांगायचे. पहिला साप मुलीचा. ती बंगळूरला शिकत असताना तिनं एक बॉल पायथन घेतला होता, आफ्रिकेतला छोटा अजगर, भ्यायला की अंगाचा गोळा करून डोकं आत लपवणारा. लग्न ठरलं, भोपाळच्या सासरी साप चालेना, तर ती तो घेऊन इथे आली आणि म्हणाली, "बाबा, थोडे दिवस ठेवा." काकांनी ठेवला. पुढे ग्वाल्हेरातल्या हौशी मंडळींना कळलं की गोरखीच्या मागे एक म्हातारबुवा साप ठेवून घेतात. कुणी मित्रांना दाखवायला साप घेतलेला असायचा, कुणाला बदली झालेली, कुणाची बायको माहेरी निघालेली. सगळे म्हणायचे, थोडे दिवस. सगळे परदेशी साप, वनखात्याच्या कागदांसकट. कागद नसला तर काका दारातून परत पाठवायचे. आणि अंगणात एकदा आपली देशी धामण निघाली, तेव्हा त्यांनी तिला हातही लावला नाही. "ही सरकारची," म्हणाले आणि वनखात्याला फोन केला.

"बात अशी आहे, बेटा," ते मला म्हणाले होते, "की लोक ठेवून जातात. न्यायला येत नाहीत. बँकेतपण असंच होतं. पण आपण तर ठेवून घेतलंय न? मग येतीलच, असं समजूनच सांभाळायचं."

म्हणून ते सापांना नावं ठेवत नसत. नाव ठेवलं की आपला झाला, आणि हे तर कुणाकुणाचे. कप्प्यांना नंबर होते आणि प्रत्येक कप्प्यावर एक कार्ड. कार्डावर ठेवून गेलेल्याचं नाव, सही, आणि शेवटचं कधी खाल्लं ते. मुलीचा साप एक नंबर.

आता हे कप्पे. सुरुवातीला काकांनी सापांना काचेच्या मोठ्या पेट्यांत ठेवलं होतं. जागा भरपूर, उजेड भरपूर, आणि एक नंबरनं चार महिने अन्नाला तोंड लावलं नाही. काकांनी पुष्कळ वाचलं, फोनवर लोकांना विचारलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं ते असं, की या प्राण्याला मोकळंढाकळं घर नकोच असतं. त्याला अंधार हवा आणि अंगाला चारी बाजूंनी टेकेल एवढीच जागा हवी. "म्हणजे लॉकरच की!" असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली असणार, असा माझा अंदाज आहे.

मग सुतार आला. प्लायवुडची उंच मांडणी, तिच्यात बिछान्याखाली सरकवतात तसले प्लॅस्टिकचे पसरट डबे ओळीनं बसवलेले. डब्यांना झाकणं नाहीत, वरची फळी हेच झाकण. डबा आत सरकवला की फळी आणि डब्याची कड यांच्यात एक पोस्टकार्ड जायला हवं, दोन जाता कामा नयेत. काका खरोखरच पोस्टकार्ड घेऊन तपासत. दोन गेली की सुतार परत. त्या बिचाऱ्यानं रंधा मारता मारता विचारलं होतं, "बाबूजी, इसमें साड़ियाँ रखोगे क्या?" काका म्हणाले, "नहीं भाई, मेहमान हैं." बाजूंना गरम सळईनं हवेची भोकं पाडली. मागच्या अंगाला ऊब देणारी पट्टी, म्हणजे सापाला हवं तर मागे जाऊन शेकावं, नको तर पुढे पाण्याच्या वाटीपाशी पडावं. साप वाढला की काका सुतळीनं त्याची लांबी मोजायचे आणि त्याला मोठ्या डब्यात हलवायचे. त्याला ते 'प्रमोशन' म्हणायचे आणि त्या दिवशी आम्हाला बाड्यावरची कचोरी मिळायची. चाराचे आठ कप्पे झाले, आठाचे सोळा. एक कप्पा नेहमी जास्तीचा. कुणी कधी येऊन ठेवेल, पता नाही.

डब्यात खाली वर्तमानपत्र. पण देवाचं चित्र असलेलं पान चालायचं नाही, श्रद्धांजलीचं पान चालायचं नाही, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस असलेलं पान चालायचं नाही. उरायच्या त्या निविदा आणि शब्दकोडी. सकाळी मी चहाला खाली जायचे तेव्हा काका पेपर वाचत नसायचे, निवडत असायचे.

नागपंचमीला मात्र घराला जत्रेची कळा यायची. गल्लीतल्या बायका दुधाच्या वाट्या घेऊन यायच्या. काका सगळं दूध पातेल्यात ओतून घ्यायचे, चहा करायचे आणि त्याच बायकांना पाजायचे. "सापाला दूध पचत नाही, वहिनी. तुम्हाला पचतं." त्या दिवशी चिरणं नाही, तवा नाही, आणि सापांनाही जेवण नाही. मी विचारलं, आफ्रिकेतल्या सापाला आपली पंचमी कशी लागू? तर म्हणाले, "त्याला नाही लागू. मला तर आहे न."

सापांच्या खोलीच्या दाराला दोन कुलपं होती. एकाची चावी काकांकडे, दुसऱ्याची त्यांच्या बायकोकडे असायची. काकूंना साप अजिबात आवडत नसत, पण नाकाला पदर लावून त्या रोज दारापाशी यायच्या, आपलं कुलूप उघडायच्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. सापाचा कप्पा एकट्या माणसानं उघडू नये, मोठा साप गळ्याहाताला वेढा घालून बसला तर सोडवायला दुसरा माणूस हवा, हे सगळेच साप पाळणारे सांगतात. काकांनी त्यावर बँकेचा शिक्का मारला होता, एवढंच. काकू गेल्या आणि चावी समोरच्या भाभीजींकडे गेली. त्या रोज उशीर करायच्या. मी आल्यावर दोन महिने काकांनी माझी परीक्षा घेतली. एके सकाळी त्यांनी काकूंचा कमरेला खोचायचा चांदीचा छल्ला माझ्यासमोर धरला, त्यात ती एकच चावी होती.

"तुला काही परेशानी तर नाही न?"

नाही म्हणत मी छल्ला घेतला.

मग रोजचाच नेम झाला. काका आपली चावी फिरवायचे, एक पाऊल बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "आता तुमची." एरवी मला अरेतुरे करणारा हा माणूस तिथे 'तुमची' म्हणायचा. आवाजही बदलायचा, तळघरातला व्हायचा. आणि तोंड भिंतीकडे. मी माझं कुलूप काढायची. पहिला महिना मी काकूंसारखीच उंबऱ्याबाहेर. दुसऱ्या महिन्यात आत. थंडीत एकदा वीज गेली, इन्व्हर्टर दमला, तेव्हा आम्ही दोघांनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कप्प्याकप्प्यात ठेवल्या, आणि सात नंबर माझ्या मनगटापाशी आला आणि तिथेच गोळा होऊन बसला. मी हललेच नाही. साप थंड असतो, बुळबुळीत असतो असं ऐकून होते. तो कोरडा होता आणि त्याचं अंग हळू हळू माझ्याएवढं ऊबदार होत गेलं.

"लाडू," मी म्हटलं.

"नाव नाही ठेवायचं," काका म्हणाले. "दिमाग खराब करू नको माझा. त्याचा मालक येईल उद्या."

मालक खरंच यायचा, असं नाही. मी असताना एकच आला. मक्याच्या शेतात सापडणारा एक लालसर अमेरिकन साप तीन वर्षांपूर्वी ठेवून गेलेला एक तरुण. दारात त्याला पाहून काकांचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. पण नियम तो नियम. त्याला कागदावर सही करायला लावली, कार्डावरच्या सहीशी ताडून पाहिली. जुळेना. पोराची सही तीन वर्षांत बदलली होती. पाच वेळा सही केली तेव्हा कुठे जुनं वळण आलं. मग काकांनी साप त्याच्या हाती दिला, शेवटचं कधी खाल्लं, कात कधी टाकली, सगळं तोंडपाठ सांगितलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्याला पोचवायला गेले. परत येताना जिलबी आणली. महिनाभरात कुणीतरी नवा साप ठेवून गेलं, पण त्या पोराचा कप्पा काकांनी भरला नाही. पुसून ठेवला. एक नंबरच्या कार्डाकडे मात्र ते त्या दिवशी बराच वेळ बघत होते. मुलगी दर दिवाळीला यायची. सापाबद्दल ती विचारायची, घेऊन जाते असं कधी म्हणाली नाही, आणि काकांनी तिला कधी आठवण केली नाही.

दोन वर्षांनी मला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. मे महिना होता. थंडीत उबेची पट्टी लागते, पण ग्वाल्हेरच्या मेमध्ये सगळं उलटं होतं. नळाला हात लावला की चटका बसतो. सापांच्या खोलीला बाहेरची खिडकी नव्हती, म्हणून कूलर आतच होता आणि त्यात सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी पाणी भरावं लागायचं. एक वेळ चुकली की त्या खोलीची भट्टी.

निघायच्या दिवशी सकाळचं पाणी आम्ही भरलं. काका म्हणाले होते की चावीचा चार्ज रीतसर द्यायचा, कागदावर, भाभीजींना समोर बसवून. पण दुपार झाली, ऑटो आला, बॅगा चढल्या, काका पाण्याची बाटली भरून देत राहिले आणि चार्जची गोष्ट कुणीच काढली नाही. त्यांनी मागितली नाही. मी दिली नाही.

झाशी यायच्या जरा आधी बाटली काढायला पिशवीत हात घातला आणि छल्ला हाताला लागला.

फोन लावला. पहिल्या घंटेला उचलला.

"काका, चावी माझ्याकडेच राहिली."

"हो. मला पता आहे. दारापाशीच आहे मी."

"मागितली का नाही तुम्ही?"

"मला वाटलं, तू देशील." मग म्हणाले, "झाशीला गाडी किती वेळ थांबते?"

"दहा मिनिटं."

"अच्छा."

एवढंच. काय विचारलं ते मला कळलं होतं. मी फलाटावर उतरले. समोरच्या फलाटावर ग्वाल्हेरकडे जाणारी गाडी उभी होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. छल्ला मुठीत होता, बॅगा डब्यात होत्या, आणि डोक्यात सोमवार होता.

"काका, सोमवारी हजर व्हायचंय हो. तुम्ही कुलूप तोडा ना. मी नवीन पाठवते."



"तोडू?"

"तोडा."

"बरं. आत जाऊन बस. गाडी सुटेल."

रात्री व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो आला. सुवाच्य अक्षर. 'आज सायंकाळी साडेपाच वाजता, दूधवाला व समोरच्या भाभीजी यांच्या समक्ष, दुसऱ्या चावीचे कुलूप तोडण्यात आले. दुसरी चावी बाहेरगावी. आतील सर्व चौदा सुखरूप. कोणाचाही दोष नाही.' खाली तीन सह्या. भाभीजींची हिंदीत. मी हसायला लागले आणि वरच्या बर्थवर तोंडात ओढणी कोंबून रडले.

बँकेत तीस वर्षांत त्यांनी एकही लॉकर फोडायची वेळ येऊ दिली नव्हती, हे त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितलं होतं.

त्यानंतर काकांचा दर रविवारी फोन यायचा. फोन स्टुलावर उभा करून ठेवायचे आणि कप्पे उघडायचे, दुसरा माणूस म्हणून मी. इथून मी काय सोडवणार होते, देव जाणे. पण त्यांचा नियम पाळला जायचा. "सात नंबरनं खाल्लं," ते सांगायचे. एकदा चुकून म्हणाले, "तुझ्या लाडूनं खाल्लं," आणि लगेच खोकले. चावी कुरियरनं पाठवू का, असं मी विचारलं होतं. "कुरियरनं चावी पाठवतात काय? येशील तेव्हा आण." दिवाळीला येते म्हटलं. मग संक्रांतीला. मग पुढच्या दिवाळीला. रविवारचा फोन मी कधी उचलायची, कधी 'मीटिंगमध्ये आहे' असं लिहून पाठवायची. रविवारी कसली आलीय मीटिंग? त्यांनी कधी विचारलं नाही. न उचललेल्या रविवारी सापांना जेवण मिळायचं का, हे मीही कधी विचारलं नाही. 

दोन वर्षं होत आली. जानेवारीत त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेले होते, झोपेतच, तीन दिवस झाले होते.

"ताई, एक प्रॉब्लेम झालाय," ती म्हणाली. आवाज रडून बसलेला. "सापांच्या खोलीला दोन कुलपं लटकलेली होती. परवा घरात इतकी माणसं, इतका गोंधळ, मला वाटलं कोई अंदर न चला जाए, म्हणून मी दोन्ही दाबून लावून टाकली. एकाची चावी बाबांच्या जुडग्यात आहे. दुसऱ्याची मिल ही नहीं रही. भाभीजी म्हणाल्या, ती तुमच्याकडे आहे."

"ते कुलूप तर तोडलं होतं."

"बाबांनी ते दुरुस्त करून आणलं होतं, पाटणकर बाजारातून. वरची कडी नवीन, आतला खटका तोच. कुलूपवाला म्हणे दुसरी चावी बनवून देतो, तर बाबा नको म्हणाले. तसंच उघडं लटकवून ठेवायचे. भाभीजी सांगत होत्या, दर रविवारी त्यात तेल घालायचे." ती थांबली. "मी तोडू शकते, ताई. आत पाण्याच्या वाट्या दोन-तीन दिवस पुरतील, तेवढ्यात तोडायला तर हवंच. पण माझ्यानं होत नाहीये. एक नंबर माझा आहे न. मी न्यायला आलेय."

या खेपेला मी काही विचारलं नाही. छल्ला टेबलाच्या खणात होता, तो घेतला, मिळेल त्या गाडीत बसले. झाशीला गाडी दहा मिनिटं थांबली. मी दारातच उभी होते.

गल्ली तीच होती. भाभीजींनी मला लांबून ओळखलं आणि डोळ्यांना पदर लावला. खोलीच्या दारापाशी मुलगी उभी होती, वडिलांसारखीच उंच, शेजारी साप न्यायची कापडी पिशवी घडी करून ठेवलेली. कुलुपाची नवी कडी चकचकीत होती, बाकी अंग जुनं, काळं, तेलानं मऊ झालेलं. आतून कसलाही आवाज येत नव्हता. ते आवाज करतच नाहीत.

तिनं बाबांचं जुडगं काढलं. पहिल्या कुलपात चावी घालून फिरवली, कुलूप काढून हातात घेतलं, आणि एक पाऊल बाजूला झाली. लहानपणी बँकेत वडिलांना डबा द्यायला जात असेल, तेव्हा तळघरात त्यांचं ते नेहमीचं वाक्य ऐकलं असेल, की घरात आईशी बोलताना ऐकलं असेल, मी विचारलं नाही.

"आता तुमची," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली.

ते बरंच झालं. मला चावी भोकात घालायला जरा वेळ लागला.